बंदीतले गालिचे

गालिच्यावर तीन लेपे आहेत. म्हणजे आपण ज्याला लेपा म्हणतो त्याच्या भावकीतला मासा; बाल्टिक समुद्राकाठी त्याला फ्लुंडर म्हणतात. चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाला, वाळूत अंग चोरून पडणारा. एरवी गालिच्यात आपल्याला सरूची झाडं, वेलबुट्ट्या, फार तर हरणं बघायची सवय. इथे मासे, नांगर, समुद्रपक्षी, किनाऱ्यावरच्या वाळूत उगवणारं निळसर काटेरी झुडूप, आणि कडेने लाटा. गालिच्याला चेष्टेने, पण थोड्या अभिमानानेही, ‘बाल्टिकचे पर्शियन’ म्हणतात. विणणारे कोळी होते.

गावाचं नाव फ्रीस्ट. जर्मनीच्या ईशान्य टोकाला पेने नदीचा एक फाटा समुद्राला मिळतो, त्या मुखावर ते आहे. वोल्गास्टला रेल्वेने उतरायचं आणि पुढे बसने सपाट शेतांमधून जायचं. माझं आजोळ श्रीवर्धनकडचं, त्यामुळे कोळ्यांचं गाव म्हटलं की डोळ्यांआधी नाक तयारीत राहतं. फ्रीस्टला पोचले तर वास होता, पण सुकटीचा नव्हे, धुरावलेल्या माशाचा. त्यांच्याकडे ऊन बेभरवशाचं, म्हणून मासा वाळवण्यापेक्षा धुरी देण्याची चाल. बाकी बरंचसं ओळखीचं: धक्क्याला टेकलेल्या लहान होड्या, रचून ठेवलेली जाळी, खोकी, आणि खोक्यांवर हक्क असल्यासारखे बसलेले पक्षी.

मी गेले होते ते एका सरकारी निर्णयाचा माग काढत. निर्णय जवळपास शंभर वर्षांपूर्वीचा.

१९२८ साली या किनाऱ्यावर मासेमारीला तीन वर्षांची बंदी आली. मासा कमी झाला होता, जरुरीपेक्षा जास्त काढला गेला होता. तीन वर्षं. आपल्याकडे पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे एकसष्ट दिवस असते. त्यातही दुसरा महिना लागेपर्यंत घरातल्या डब्यांचे तळ दिसू लागतात. तीन वर्षं दर्या बंद म्हणजे काय, हे कोळीवाड्यात वाढलेल्याला समजावून सांगावं लागणार नाही. त्यात १९२८-२९चा हिवाळा युरोपने शतकात क्वचित पाहिलेला. फेब्रुवारीत समुद्र गोठला. पुढच्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि जर्मनीत कामं मिळेनाशी झाली. बंदी नसती तरी हे दिवस कठीणच गेले असते.

तेव्हा ग्रीफ्सवाल्ड जिल्ह्याचा प्रमुख होता वेर्नर कोगे. जर्मन पदनाम ‘लांडराट’; आपल्या कानाला कलेक्टर म्हटलेलं बरं. (‘कोगे’ हे हान्सा व्यापारी संघाच्या जुन्या, पोटाळ्या गलबताचंही नाव आहे. हे गलबत पुढे गालिच्यांवर आलं. कलेक्टरच्या नावावर कोटी म्हणून आलं की समुद्राकाठी ते येणारच होतं, कोण जाणे.) या कलेक्टरने कोळ्यांसाठी दुसरा धंदा शोधायला घेतला आणि व्हिएन्नाहून एक माणूस आणला: रुडोल्फ स्टुंडल, वय एकतीस, विणकाम-कापडकामातला कलाकार. समुद्राशी त्याचा संबंध नव्हता. ऑस्ट्रियाला समुद्रच नाही.

या माणसाने फ्रीस्ट, लुबमिन आणि आसपासच्या गावांतल्या कोळ्यांना गालिचे बांधायला शिकवलं.

ही गोष्ट सांगताना सगळीकडे एक वाक्य ठरलेलं असतं: कोळ्यांना जाळं विणता येत होतंच, म्हणून गालिचा सहज जमला. ऐकायला छान आहे. पण ज्याने दोन्ही कामं जवळून बघितली आहेत त्याला हे पटायचं नाही. आजोळच्या शेजारच्या ओटीवर मी लहानपणी जाळी विणताना तासन् तास बघितली आहेत. लाकडी सुईत दोरा भरलेला, डाव्या हातात आसाच्या मापाची पट्टी. सुई आसातून जाते, वळसा घेते, ओढली की गाठ घट्ट. दोरा एकच, अखंड. जाळ्याची गाठ सुटता कामा नये आणि सरकताही कामा नये, नाहीतर आसाचं माप बिघडतं आणि नको तो मासा अडकतो किंवा हवा तो निसटतो. गालिच्याचं उलट आहे. उभ्या मागावर ताणलेले धागे, त्यांतल्या दोन धाग्यांना लोकरीचा तुकडा गुंतवायचा, कापायचा, पुढच्या दोन धाग्यांवर जायचं. ओळ झाली की आडवा धागा घालून फणीने ठोकायचं. शेजारी चौकटीच्या कागदावर नक्षी. प्रत्येक चौकट म्हणजे एक गाठ, आणि गाठीला तिचा रंग. इथे गाठ दिसते ती फक्त तिच्या कापलेल्या टोकांतून.

म्हणजे हाताला आलं ते गाठीचं तंत्र नव्हे. मोजायची सवय आली. चारशे आस मोजताना मधेच कुणी हाक मारली तर आकडा ओठांवर धरून ठेवायची सवय. हिवाळ्यात पाणी गोठलेलं असताना घरात बसून, जवळच्या दिव्यात, उद्या उपयोगी पडेल असं काही तरी करत राहायची सवय. कलेक्टरने आणि स्टुंडलने हे ओळखलं असेल, तर त्यांना मानायला हवं.

माग घरोघर उभे राहिले. लोकर मेंढ्यांची, म्हणजे त्या मुलखाला परकी नव्हे. नक्षी मात्र सगळी स्टुंडलची. त्याने पोमेरानियाच्या लोककलेतून, जुन्या पेट्या-कपाटांवरच्या चित्रांतून, कोळ्यांच्या रोजच्या वस्तूंमधून आकार घेतले आणि कागदावर चौकटीत बसवले. आजच्या विकासकामाच्या भाषेत ‘स्थानिक संस्कृतीवर आधारित उत्पादन’ वगैरे म्हणतील. मला त्यात एक बारीक खोच दिसते. ज्यांच्या जाळ्यात तो मासा रोज येत होता त्यांनी तो काढला नाही. व्हिएन्नाहून आलेल्याने काढला, आणि त्यांनी तो गाठ गाठ करून भरला. ‘फ्रीस्टचा गालिचा’ असं नाव गावाचं, नकाशा बाहेरच्याचा. त्याच काळात आपल्याकडेही खादीच्या केंद्रांपासून कितीतरी ठिकाणी हेच घडत होतं, आणि पुढे वारली चित्रांचं उलट घडलं: तिथे रेषा त्यांचीच राहिली, साड्या दुसऱ्यांनी छापल्या.

तरी एका बाबतीत हा माणूस नेहमीच्या तज्ज्ञांसारखा नव्हता. तो शिकवून परत गेला नाही. बंदी उठली, कोगेचा काळ संपला, नाझी आले, युद्ध आलं, पोमेरानियाचे दोन तुकडे होऊन मोठा भाग पोलंडमध्ये गेला, उरलेल्यावर समाजवादी सरकार आलं. स्टुंडल तिथेच होता. १९९०मध्ये, नव्वदी पार केल्यावर, तो त्याच मुलखात वारला. बंदीची मुदत तीन वर्षांची होती. माणूस साठ वर्षं राहिला.

फ्रीस्टच्या धक्क्यावर उभं राहिलं की पाण्यापलीकडे उझेडोम बेटाचं टोक दिसतं. तिथे पेनेम्युंडे आहे. तेही असंच मासेमारांचं गाव होतं. १९३६ साली लष्कराला ती जागा आवडली: एकांत, समोर मोकळा समुद्र. गावकऱ्यांना उठवलं गेलं. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी तिथून ‘ए-४’ रॉकेट यशस्वीपणे उडालं. तेच पुढे ‘व्ही-२’ या नावाने लंडन आणि अँटवर्पवर पडलं. ऑगस्ट १९४३मध्ये इंग्रजांनी पेनेम्युंडेवर बॉम्ब टाकले, आणि मेलेल्यांत वेठीला धरून आणलेले परदेशी मजूर शेकड्यांनी होते. एका गावाला दारावर शिक्षक आला, समोरच्या गावाला दारावर कुंपण. मधे पाणी थोडंसंच. आज हंगामात फेरी चालते, मी तिने गेले, अर्ध्या तासाच्या आत पलीकडे.

युद्धानंतर पूर्व जर्मनीत बऱ्याच धंद्यांचं सहकारीकरण झालं. मासेमारांची सहकारी संस्था झाली, तशी गालिचेवाल्यांचीही, १९५०च्या दशकात. या टप्प्यावर कामाचं रूप पालटलं. पुरुष बोटींवर परतले होते, मागावर मुख्यतः बायका बसू लागल्या. गालिचा आता बंदीतला पोटाचा आधार राहिला नव्हता. ती नोकरी झाली होती, ठरलेला पगार, ठरलेलं माप. इतिहासात ‘कोळ्यांचे गालिचे’ असं छापलं जातं. त्यांतल्या बऱ्याच गाठी कोळणींच्या आहेत. आपल्याकडे बंदरावर मासा उतरला की तो पुरुषाचा, आणि बाजारात पाटी डोक्यावर घेतली की कोळणीची जबाबदारी. ही वाटणी तिथेही फार वेगळी नसावी.

१९९०मध्ये दोन जर्मनी एक झाले आणि हाताने बांधलेला लोकरी गालिचा एका वर्षात महाग ठरला. पश्चिमेकडचा माल आला, कामाचे तास पश्चिमेच्या दराने मोजले जाऊ लागले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच गालिच्यांची संस्था मोडली. मासेमारांची मात्र टिकली. फ्रीस्टची ‘पेनेम्युंडुंग’ सहकारी संस्था आजही आहे. गालिचे संग्रहालयांत गेले: काही फ्रीस्टच्या छोट्या संग्रहालयात, काही ग्रीफ्सवाल्डच्या पोमेरानियन राज्य संग्रहालयात. २०२३मध्ये या गालिचा-बांधणीची नोंद जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत झाली. मानपत्र मिळालं, त्या वेळी ते काम येणारे हात थोडेच उरले होते. वारसा हा शब्द बहुतेक वेळा असाच उशिरा येतो, वारस मोजून झाल्यावर.

इथपर्यंत ही जुनी गोष्ट आहे. मला फ्रीस्टपर्यंत ओढून नेलं ते तिच्या दुसऱ्या फेरीने.

फ्रीस्टच्या पश्चिमेला ग्रीफ्सवाल्डचा बोडेन आहे. बोडेन म्हणजे उथळ, जमिनीने कवळा घातलेली खाडी, अर्धं गोडं अर्धं खारं पाणी. पश्चिम बाल्टिकमधला हेरिंग मासा वसंतात इथल्या पाणगवतावर अंडी घालायला येतो. हेरिंग म्हणजे त्यांचा तारली-पेडवे: स्वस्त, तेलकट, थव्याने येणारा, गरिबाच्या ताटातला आणि कोळ्याच्या हिशोबातला मुख्य आकडा. या माशाच्या कोट्याला युरोपीय संघाने २०१८मध्ये ३९ टक्के कात्री लावली. २०१९मध्ये ४८ टक्के. २०२०मध्ये ६५. २०२१मध्ये आणखी ५०. शंभरातून ही वजाबाकी करत गेलं तर पाचसहा उरतात. २०२२पासून पश्चिम बाल्टिकमध्ये हेरिंगची ठरवून मासेमारीच बंद. सूट फक्त बारा मीटरच्या आतल्या, उभी जाळी लावणाऱ्या लहान होड्यांना. कॉडचंही त्याच वर्षी तेच झालं.

कारण या वेळी केवळ उपसा नाही. रोस्टॉकच्या थ्युनेन संस्थेचे संशोधक वर्षानुवर्षं या बोडेनमधली हेरिंगची पिल्लं मोजत आले आहेत. हिवाळे ऊबदार झाले, मासा लवकर आला, अंडी लवकर फुटली. पण पिल्लांचं पहिलं खाणं म्हणजे सूक्ष्म प्लवक. ते उजेडाच्या घड्याळावर चालतं, आणि सूर्य लवकर उगवायला तयार नाही. पिल्लं जन्मतात आणि पानावर बसतात तेव्हा पान रिकामं. बाळंतपण झालं आणि दूध आठवड्याने, असा प्रकार. यात फ्रीस्टच्या बारा मीटरच्या होडीवाल्याचा दोष शोधायला गेलं तर फार तर त्याच्या इंजिनाचा धूर सापडेल.

मग या खेपेला सरकारने काय केलं? बरंच केलं, हे आधी सांगते. होडी बंद ठेवल्याचे पैसे दिले. होडी मोडीत काढली तर त्याचे वेगळे दिले. २०२२मध्ये बाल्टिक मासेमारीचं भवितव्य ठरवायला आयोग नेमला. त्याचा अहवाल पुढच्या वर्षाअखेर आला. समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी २०२३मध्ये लिलाव झाले, त्यांत मिळून १३.४ अब्ज युरोच्या बोली लागल्या. कायद्यात तरतूद होती की त्यातले पाच टक्के मासेमारीच्या वाट्याला जावेत, म्हणजे साधारण ६७ कोटी युरो. त्याच नोव्हेंबरात घटनात्मक न्यायालयाच्या निकालाने संघराज्याचा अर्थसंकल्प विस्कटला, आणि मासेमारीच्या वाट्याचे १३.४ कोटी उरले. पाचातला एक. हे वाचून महाराष्ट्रातल्या कुठल्याही मच्छीमार सोसायटीच्या सचिवाला आपुलकी वाटेल.

एक गोष्ट मात्र कोगेच्या जातीची झाली. मेक्लेनबुर्ग-फोरपोमेर्न राज्याने मासेमारांसाठी एक जोडशिक्षण काढलं. ते पुरं करणाऱ्याला ‘सी रेंजर’ म्हणतात. होडी तीच, माणूस तोच. तो पाण्याचे आणि माशांचे नमुने घेतो, संशोधकांना नेतो, शाळेच्या मुलांना आणि पर्यटकांना समुद्र दाखवतो, आणि जमेल तेवढी मासेमारीही करतो. कागदावर छान आहे. मला शंका एवढीच आहे की मोडीत निघालेल्या होडीचा मालक रेंजर कशावर बसून होणार? एका खिडकीतून होडी मोडायला पैसे आणि शेजारच्या खिडकीतून होडीवर करायच्या कामाचं शिक्षण, असा कारभार चालला आहे. शिकणारेही हातावर मोजण्याइतके. पण माणसाला त्याच्या पाण्यावरून न उठवता त्याला दुसरं काम देता येतं का, हा प्रश्न निदान विचारला गेला.

आपल्याकडे तो विचारला गेला आहे, आणि त्यात जर्मन पैसाही आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ऐरोलीला दिवा जेट्टीजवळचं सागरी जैवविविधता केंद्र महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाने ‘जीआयझेड’ या जर्मन सरकारी संस्थेच्या साहाय्याने उभारलं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५चं. तिथे आता बोटीतून रोहित पक्षी बघायला तिकीट काढून लोक जातात. त्या खाडीत पिढ्यान् पिढ्या कोळंबी-खेकडे धरणाऱ्यांना त्या तिकिटातलं काय मिळतं, हा प्रश्न विचारल्यावर मिळणारी उत्तरं मात्र भरती-ओहोटीसारखी बदलतात.

त्याहून मला वेंगुर्ल्याचं उदाहरण जवळचं वाटतं. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा एक प्रकल्प २०१२च्या आगेमागे सुरू झाला. चौकोनी आसाची जाळी आली, म्हणजे ओढताना आस मिटत नाही आणि पिल्लू निसटतं, खेकडापालन आलं. आणि २०१७मध्ये मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायकांनी कांदळवन सफर सुरू केली. होडी वल्हवायची त्यांनीच, कुठलं झाड कुठलं तेही सांगायचं त्यांनीच. वल्ही त्यांच्या हाताला नवी नव्हती, खाडी नवी नव्हती. नवं होतं ते लोकांपुढे उभं राहून बोलणं. इथे व्हिएन्नाचा कुणी नाही. नकाशाही बऱ्यापैकी त्यांचाच.

सगळीकडे असं होत नाही. वरळी कोळीवाड्यासमोर सागरी किनारा रस्त्याचे खांब उभे राहू लागले तेव्हा मच्छीमार भरपाईचा आकडा विचारण्याआधी दुसराच आकडा विचारत होते: दोन खांबांमधलं अंतर किती? ठरलेलं होतं साठ मीटर. लाटेत होडी आडवी होते, वारा ढकलतो, साठात ती खांबावर जाईल, हे त्यांना गणिताशिवाय कळत होतं. मोठ्या झगड्यानंतर २०२२च्या अखेरीस पालिकेने ते अंतर १२० मीटर केलं. त्यांची मागणी त्याहून मोठी होती. मला या लढ्यातलं वाखाणावंसं वाटतं ते हे, की त्यांना धंद्याबदली धंदा नको होता. वाट हवी होती.

फ्रीस्टच्या कोळ्यांनाही बहुधा तेच हवं असणार. बंदी उठल्यावर पुरुष मागावरून उठून बोटीवर गेले, यावरून तरी तसंच दिसतं. गालिचा कितीही देखणा असला तरी त्याच्यासाठी कुणी समुद्र सोडला नाही. आणि माग मोडूनही टाकला नाही. तो घरात, हिवाळ्यासाठी, बायकोच्या हाताखाली राहिला. चांगल्या जोडधंद्याचं माप काढायचं तर मी हे काढीन: मूळ धंदा परत आला तेव्हा त्याला जागा करून दिली का?

संग्रहालयातल्या त्या गालिच्यापाशी मी बराच वेळ होते. एका कडेला लाटांची ओळ कोपऱ्याशी येऊन किंचित आखडली आहे. कुणाची तरी मोजणी चुकली आणि उरलेल्या गाठींत लाट बसवावी लागली. तेवढ्यात दारावर कुणी आलं असेल. किंवा दिवा मालवला असेल. काच नसती तर बोट फिरवून बघितलं असतं.

दुपारच्या फेरीने पेनेम्युंडेला गेले. रॉकेटचं संग्रहालय बघायला आलेल्यांची झुंबड होती आणि त्यांच्यासाठी पावात मासा घालून देणारी टपरी. हेरिंग, कच्चा कांदा, आंबवलेली काकडी, वर कडक पाव. आपल्या वडापावाइतकंच त्या किनाऱ्याचं ते खाणं. टपरीवालीला विचारलं, मासा इथलाच का? तिने पाव कापता कापता सुरीचं टोक उत्तरेकडे केलं. नॉर्वेचा.

कांदा जास्त घालून घेतला आणि परतीच्या फेरीत खाल्ला. खारा होता, चांगला होता.